गुणगुणणाऱ्या माशाच्या मेंदूत डोपामिन मोजायला बसताना

वॉशिंग्टन राज्यात हूड कनाल नावाची लांबच लांब खाडी आहे. नावात कनाल असलं तरी तो कालवा नाही, समुद्राचंच पाणी आत शिरलंय. मे-जूनमध्ये मोठी ओहोटी लागली की काठावरचे चपटे दगड उघडे पडतात. त्यातला एखादा उचलला की खाली ओंजळभर पाण्यात मोठ्या डोक्याचा, बेढब, शेवाळी रंगाचा मासा बसलेला सापडतो. हात लावला की गुरगुरतो. उचललेला दगड उलटा करून पाहिला, तर माशाच्या डोक्यावरच्या त्या छताला पिवळसर अंडी ओळीनं चिकटलेली दिसतात.

हा मिडशिपमन मासा, पोरिक्थिस नोटाटस. पोटावर प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात, नौदलाच्या गणवेशावरच्या बटणांसारख्या. त्यावरून हे नाव. गाणाऱ्या माशांच्या मेंदूबद्दल आज जे कळलंय त्यातलं पुष्कळसं याच प्रजातीतून आलंय. अँड्र्यू बास यांच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून काम सुरू झालं, मग जोसेफ सिस्नेरोस आणि पॉल फोर्लानो यांनी ते आपापल्या ठिकाणी वाढवलं.

जीवशास्त्रात एमएस्सी करून नुकतंच अशा प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेल्या, किंवा ठेवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. काम सांगायला सोपं वाटतं: नराच्या आणि मादीच्या मेंदूत डोपामिन (चेतापेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात ते एक रसायन) बनवणाऱ्या पेशी रंगवा, मोजा, फरक सांगा. पहिल्या आठवड्यात मी वहीत दोन रकाने आखले, नर आणि मादी. ते पान नंतर फाडावं लागलं.

पहिली पायरी: दोन नाही, तीन रकाने

या माशात नर दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार घरटं करतो, अंडी राखतो आणि रात्री गातो. गातो म्हणजे एकसुरी गुणगुणतो, कधी काही मिनिटं, कधी तासाहून जास्त. सूर साधारण १०० हर्ट्झचा असतो आणि पाणी थंड असेल तर थोडा उतरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवरचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झलाच घुमतो, त्यामुळे गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी ऐकली असेल तर हा मासा तुम्ही अर्धामुर्धा ऐकलाच आहे. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात सॉसालिटोच्या तरंगत्या घरांत राहणाऱ्यांची या आवाजानं झोप उडवली होती. कुणी पंपाला दोष दिला, कुणी लष्कराला. शेवटी चोर निघाला हा.

आवाज येतो पोटातल्या हवेच्या पिशवीवरच्या स्नायूंमधून. स्नायू सेकंदाला शंभर वेळा आकसतो, दर आकसण्याला एक ठोका. कोकणातल्या वाचकांना पिशवी ओळखीची असेल: घोळीचं बोत म्हणजे तीच. घोळ आणि ढोमा यांचं कूळ वेगळं, पण तेही पिशवीच्या साथीनंच आवाज काढतात.

दुसऱ्या प्रकारचा नर लहानखुरा, दिसायला मादीसारखा. घरटं करत नाही, गुणगुणत नाही. गाणाऱ्याच्या घरट्यात मादी आली की हा आत घुसतो किंवा दाराशी थांबून आपलं वीर्य सोडतो. शरीराच्या मानानं त्याचे वृषण पहिल्या प्रकाराच्या नऊपट असतात. उलट आवाजाचा स्नायू शरीराच्या मानानं पहिल्या प्रकारात सहापट. एकानं सगळी कमाई गळ्यात घातली, दुसऱ्यानं दुसरीकडे. मादी आणि हा चोरटा नर दोघंही फक्त गुरगुरू शकतात.

चोरट्याला कोणत्या रकान्यात टाकणार? २०००मध्ये गुडसन आणि बास यांनी दाखवलं की मेंदूत आर्जिनिन व्हॅसोटोसिन हे संप्रेरक सोडलं तर गाणाऱ्या नराचा आवाजाचा संदेश दबतो. मादीत आणि चोरट्या नरात मात्र ते काम व्हॅसोटोसिन करत नाही, त्याचंच भावंड असलेलं आयसोटोसिन करतं. म्हणजे वृषण असूनही आवाजाच्या बाबतीत चोरटा मादीच्या पंगतीला बसतो. 'नर' म्हणून दोघांची सरासरी काढली तर निघणारा आकडा कुठल्याच माशाचा नसतो.

म्हणून मासा हाती आला की प्रकार नक्की करूनच पुढे जा. बाहेरून अंदाज बांधता येतो, खात्री पोट उघडल्यावरच. जननग्रंथींचं वजन करा, शरीराच्या उरलेल्या वजनाशी टक्केवारी काढा. स्नायूचा रंग बघा: गाणाऱ्याचा जाडजूड आणि लालसर, बाकी दोघांचा पातळ, फिकट.

दुसरी पायरी: आपण नक्की काय रंगवतोय?

डोपामिन थेट रंगवणं जिकिरीचं असतं, म्हणून ते बनवणारं एन्झाइम रंगवतात: टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, बोलताना टीएच. टायरोसिनपासून एल-डोपा, म्हणजे डोपामिनच्या आधीचा टप्पा, करणारी, या साखळीचा वेग ठरवणारी पायरी तीच.

इथे नवख्याचा पाय हमखास घसरतो. साखळी डोपामिनवर थांबतेच असं नाही. काही पेशींत आणखी एक एन्झाइम असतं, डोपामिन बीटा हायड्रॉक्सिलेज, आणि ते डोपामिनचं नॉरॲड्रेनलिन हे वेगळंच निरोप्या रसायन करून टाकतं. टीएचचा हिरवा रंग दोन्ही पेशींत सारखाच चमकतो. मागच्या मेंदूतल्या लोकस सेर्युलियसमधल्या मोठ्या टपोऱ्या पेशी टीएचनं झगझगतात, पण त्या नॉरॲड्रेनलिनच्या. त्यांना डोपामिनच्या म्हणून अहवालात लिहिलं तर तपासणारा पहिल्याच पानावर लाल रेघ मारेल. शंका असेल तिथे दुसऱ्या एन्झाइमचाही रंग करा, नाहीतर 'कॅटेकोलामिन' असा, दोन्ही रसायनांना सामावणारा, मोघम पण खरा शब्द वापरा.

उंदरामाणसांच्या पुस्तकातून शिकून आलेले सगळे मधल्या मेंदूत डोपामिनच्या पेशी शोधत बसतात. हाडांच्या माशांत त्या तिथे नसतातच. त्यांचं काम पुढे, डायएन्सेफेलॉन या भागातल्या पोस्टीरियर ट्युबर्क्युलम नावाच्या जागेतल्या नासपतीच्या आकाराच्या मोठ्या पेशी करतात. प्रयोगशाळेत सगळे त्यांना टीपीपी म्हणतात. आणखी एक मेख: या माशांत टीएचची दोन जनुकं असतात आणि रंगवायला बाजारात मिळणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारे रेणू, साधारणपणे पहिल्याचंच प्रथिन पकडतात. तेव्हा 'इथे डोपामिन नाही' असं वाक्य जपून लिहा.

टीपीपीच्या पेशींनी मला या माशाच्या प्रेमात पाडलं. त्यांचे तंतू पुढच्या मेंदूकडे, मागे आवाजाच्या केंद्रांकडे आणि थेट आतल्या कानापर्यंत जातात. कानातल्या सॅक्यूल या भागावर डोपामिन ब्रेकसारखं काम करतं, ऐकणं मंद करतं. उन्हाळ्यात, अंडी घालायच्या दिवसांत, मादीच्या सॅक्यूलमधले टीएचचे तंतू हिवाळ्यापेक्षा विरळ होतात आणि पेशीवरचा, डोपामिनचा निरोप घेणारा डी२ए ग्राहक रेणूही कमी होतो. ब्रेक सैल झाला की गाण्याचे वरचे स्वर तिला जास्त नीट ऐकू येतात. हिवाळ्यातल्या मादीला संप्रेरक देऊन कान उन्हाळ्यासारखा करता येतो, हे २००४मध्ये 'सायन्स'मध्ये आलेलं काम. इकडे मधल्या मेंदूतल्या पेरीॲक्विडक्टल ग्रे या भागात डोपामिन टोचलं तर आवाजाचा संदेशच दबतो. एकच रसायन, ऐकणाऱ्याच्या कानातही आणि गाणाऱ्याच्या गळ्यामागेही.

आवाजाच्या केंद्रांतलं टीएच लिंगानुसार वेगळं असतं हे पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग कॉलेजच्या गटानं २०१४मध्ये मांडलं. तुमचं काम सुरू करण्याआधी तो लेख मुळातून वाचा, नुसता सारांश नको. त्यात प्रत्येक केंद्रकाचा, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींच्या प्रत्येक पुंजक्याचा, हिशेब वेगळा केलेला आहे. 'मेंदूत नराला डोपामिन जास्त' असलं वाक्य त्यातून निघत नाही, आणि कुठल्याही चांगल्या कामातून निघणार नाही.

तेव्हा प्रश्न एका ओळीत बसेल इतका लहान करा: कोणतं केंद्रक, पेशींची संख्या की तंतूंची दाटी, कोणता ऋतू, कोणते तीन गट.

तिसरी पायरी: मासे आणणं

परवाने आधी, गमबूट नंतर. मासे गोळा करण्याचा राज्याचा परवाना आणि प्राणी वापरण्याची संस्थेच्या समितीची मंजुरी, दोन्ही हातात असल्याशिवाय दगडाला हात लावू नका. भरती-ओहोटीचं कोष्टक छापून घ्या. तिथे उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या ओहोट्या दिवसा येतात, हे आपलं नशीब.

दगड जसा होता तसाच परत ठेवा. हे सगळे सांगतात आणि घाईत सगळे विसरतात. छतावरची अंडी उन्हाला उघडी पडली तर त्या घरट्याचा हंगाम संपला.

प्रत्येक माशामागे तारीख, वेळ, लांबी, वजन, आणि मादी असेल तर पोट भरलेलं की रिकामं हे लिहा. मादी हंगामात एकदाच, एकाच घरट्यात अंडी घालून निघून जाते. त्याआधीची आणि त्यानंतरची मादी संप्रेरकांच्या हिशेबानं दोन वेगळ्या माद्या धरा. हिवाळ्यातले मासे दगडाखाली मिळत नाहीत, ते खोल पाण्यातून जाळ्यानं आणावे लागतात. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये हिवाळ्यातल्या माद्या पडून आहेत आणि नर मात्र जूनमधले आहेत, अशी वेळ येते. मोह होतो. पण ती तुलना केलीत तर नर-मादीचा नाही, ऋतूचा फरक मोजाल, आणि वर नाव लिंगभेदाचं द्याल.

दिवसाची वेळही सांभाळा. हा रात्री गाणारा प्राणी. दुसऱ्या नरांचं गाणं ऐकवलेल्या गाणाऱ्या नरांच्या टीपीपीतल्या आणि लोकस सेर्युलियसमधल्या टीएच पेशी जास्त जाग्या होतात, हे २०१३मध्ये दाखवलं गेलंय. एक गट सकाळी शांत टाकीतला आणि दुसरा रात्री शेजारी गात असताना काढलेला, असं होऊ देऊ नका.

चौथी पायरी: मेंदू बाहेर

हे पुस्तकातून शिकता येत नाही, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून पाहावं लागतं. मासा भुलीच्या पाण्यात पूर्ण शांत झाला की हृदयात सुई घालून आधी क्षारद्रव आणि मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड सोडतात. धुराच्या कपाटाखालीच. नीट चाललंय की नाही हे कल्ल्यांकडे बघून कळतं: लालभडक कल्ले हळूहळू गुलाबी आणि मग पांढुरके पडतात. लाल राहिले तर सुई चुकली आहे. रक्त मेंदूत उरलं तर रक्तपेशी मायक्रोस्कोपखाली स्वतःच्याच अंगानं चमकतात आणि पुढे तीन आठवडे त्या चमकेला पेशी समजून तुम्ही हैराण होता.

मेंदू काढून साखरेच्या ३० टक्के पाकात ठेवायचा. आधी तरंगतो, बुडाला की तयार. गुलाबजाम पाकात खाली बसण्याची वाट बघावी तसंच, फक्त फ्रीजमध्ये आणि रात्रभर.

आणि लेबल पेन्सिलीनं लिहा. मी चांगल्या मार्करनं बाटल्यांवर लिहिलं होतं, अक्षरही मोत्यासारखं. संध्याकाळी टेबल पुसताना अल्कोहोलचा फडका तीन बाटल्यांवरून गेला आणि शाई निघून आली. आत तीन मेंदू, पांढरे, शेंगदाण्याएवढे, एकमेकांसारखे. कोणता मादीचा, कोणता चोरट्याचा हे सांगायला काहीही उरलं नव्हतं. तीन प्राण्यांचा जीव घेतला होता आणि त्याचं चीज काहीच झालं नाही. तेव्हापासून कागदाची पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतही टाकतो.

पाचवी पायरी: रंग

गोठवलेल्या मेंदूचे २५ मायक्रॉनचे काप, काचपट्टीवर क्रमानं. मग टीएचची अँटिबॉडी, तिच्यावर चमकणारी दुसरी अँटिबॉडी, आणि पेशींच्या आतली केंद्रकं दिसावीत म्हणून निळा रंग (नाव तेच, पण ही मेंदूतल्या पुंजक्यांची केंद्रकं नव्हेत). कृती प्रत्येक प्रयोगशाळेची थोडी वेगळी असते, तिथली जुनी वही प्रमाण माना.

माझ्याकडून दोनच गोष्टी. एक, पहिली अँटिबॉडी न घालता एक काचपट्टी दर खेपेला करा. तीवरही हिरवं दिसलं तर ते टीएच नाही. दुसरी, दर खेपेत तिन्ही गटांचे मासे घ्या. सोमवारी सगळ्या माद्या आणि गुरुवारी सगळे नर रंगवलेत, तर सोमवार आणि गुरुवार यांच्यातला फरक मोजून बसाल.

सहावी पायरी: मोजणं

खरी कसोटी इथेच लागते, आणि बहुतेक खोटे लिंगभेद जन्माला येतात तेही इथेच.

आधी काचपट्ट्यांवरची ओळख झाका. दुसऱ्या कुणाकडून सांकेतिक अंक चिकटवून घ्या आणि किल्ली बंद पाकिटात ठेवा. हे अविश्वासाचं लक्षण नाही. मी पहिल्या खेपेला नावं दिसत असताना मोजलं, आणि धूसर पेशी समोर आली की मादीच्या काचपट्टीवर ती सोडून द्यायचो, नराच्या काचपट्टीवर धरायचो. मुद्दाम नाही, हात आपोआप तसा वळायचा. झाकून परत मोजलं तेव्हा एका केंद्रकातला माझा लाडका फरक निघून गेला.

पेशी कोणती धरायची याचा नियम लिहून भिंतीला लावा. उदाहरणार्थ, हिरव्या अंगात निळं केंद्रक स्पष्ट दिसलं तरच एक.

आता एक हिशेब सांगतो, तो कुणी सहसा पहिल्या महिन्यात सांगत नाही. जाड वस्तू पातळ कापांत विभागली की दोन कापांत दिसते आणि दोनदा मोजली जाते. वस्तू जितकी मोठी, तितकी दोनदा सापडायची शक्यता जास्त. समजा दोन माशांत खऱ्या पेशी प्रत्येकी १००च आहेत. काप २५ मायक्रॉन जाड. एका माशाच्या पेशीचं केंद्रक १० मायक्रॉन, दुसऱ्याचं १५. सगळे काप मोजले तर पहिल्यात तुम्ही १४० मोजाल, दुसऱ्यात १६०. वीस पेशींचा फरक, आणि त्यातली एकही पेशी खरी जास्त नाही. या माशांत गाणाऱ्या नराच्या आवाजाच्या चेतापेशी आकारानं मोठ्या असतात हे माहीत आहे, त्यामुळे टीएचच्या पेशी मोजतानाही आकार न तपासता पुढे जाणं परवडत नाही. मोजलेल्या आकड्याला कापाची जाडी भागिले जाडी अधिक केंद्रकाचा व्यास, या गुणोत्तरानं गुणा: १४० गुणिले २५ भागिले ३५, परत १००. ॲबरक्रॉम्बीची दुरुस्ती म्हणतात तिला. जुनी आहे, स्टिरिऑलॉजीवाले (कापांवरून त्रिमितीत मोजणारे) नाक मुरडतात, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरी.

तंतूंची गोष्ट वेगळी, ते एकेक मोजता येत नाहीत. फोटोत हिरव्यानं किती टक्के जागा व्यापली ते इमेजजे या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढतात. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर सगळ्या फोटोंना एकच ठेवा. फोटो अंधुक आला म्हणून त्या एकट्याचा प्रकाश वाढवू नका, मग कितीही सुंदर दिसो.

सातवी पायरी: आकड्यांना माशाचं भान

एका माशाचे चाळीस काप मोजले तरी मासा एकच. चाळीस हा आकडा नमुन्याच्या रकान्यात घालून कुणी पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे अजमावणारा आकडा) आणली तर आनंद मानू नका.

दुसरी अडचण शरीराच्या आकाराची. गाणारा नर मोठा, चोरटा लहान, मादी बहुधा मधे. मोठ्या मेंदूत पेशी जास्त दिसल्या तर ते लिंगामुळे की लांबीमुळे? शरीराची लांबी हिशेबात घेऊन तुलना करा, आणि शक्य असेल तिथे सारख्या लांबीची एखादी मादी आणि एखादा लहान गाणारा नर मुद्दाम शोधा. अशी एक जोडी पुष्कळ काही सांगून जाते.

सगळं मोजून झालं की पाकीट उघडा आणि तिन्ही गटांची तुलना करा. बहुतेक वेळा एखाद्याच केंद्रकात फरक उरतो, कधी गाणारे एकीकडे आणि मादी-चोरटे दुसरीकडे, कधी दोन्ही नर एकत्र, कधी काहीच नाही. पहिली शक्यता आली तर फरक आवाजाच्या वागण्याशी जुळतो, दुसरी आली तर वृषणाशी. म्हणून तिसरा रकाना हवाच होता.

लिहिताना वाक्य असं घाला: 'जूनमध्ये घरट्यावरून दिवसा पकडलेल्या पहिल्या प्रकारच्या नरांत अमुक केंद्रकातल्या टीएच पेशींची दुरुस्त संख्या अंडी भरलेल्या माद्यांपेक्षा जास्त होती, शरीराची लांबी जमेस धरूनही.' लांबलचक आहे, मार्गदर्शक कातरी घेऊन बसतील. महिना आणि लांबी तेवढी कापू देऊ नका.